जड रक्ताचा माणूस

“असा आजार देवानं सगळ्यांना द्यावा,” जकी न्हावी म्हणाला आणि आपला पांढरा पायघोळ गलबिया लुत्फीच्या टेबलावर टाकून दारातच उभा राहिला. “चेहरा बघ जरा आरशात. टोमॅटो लाजेल. आणि म्हणे मी आजारी.”

लुत्फीनं मान वर केली नाही. तो एका शर्टाच्या कॉलरवर होता, आणि कॉलर चालू असताना तो आपल्या बायकोशीसुद्धा बोलत नसे.

“मी नाही म्हणत. डॉक्टर म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“तुला ठाऊक आहे काय म्हणतात ते.”

“पुन्हा सांग की. तुझ्या तोंडून ऐकायला मजा येते.”

हे असं रोज चाललं होतं. सकाळी जकी, दुपारी समोरचा चहावाला, संध्याकाळी कपडे न्यायला येणारी शाळेतली पोरं. कारण एकच, आणि तेही लुत्फीनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेलं.

त्याचं झालं असं. आमच्याकडे इजिप्तमध्ये ज्याच्या बोलण्यानं चार माणसं हसतात त्याला हलक्या रक्ताचा म्हणतात. जो आला की गप्पांचा बेरंग होतो, ज्याला विनोद दोनदा सांगावा लागतो आणि तरी जो विचारतो की मग पुढं काय झालं, तो जड रक्ताचा. लुत्फी इस्त्रीवाला या दुसऱ्या जातीचा, यावर दमनहूरच्या त्या गल्लीत कधी दुमत नव्हतं. भांडणं होत ती इतर गोष्टींवरून. तर हा लुत्फी डोकं दुखतं, कानात शिट्ट्या वाजतात म्हणून सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्ताचा अहवाल दोनदा वाचला, आणि म्हाताऱ्याला समजेल असं सोपं बोलावं म्हणून म्हणाला, “हाजी, तुमचं रक्त जड झालंय.”

दाट म्हणायचं होतं बिचाऱ्याला. पण आमच्या बोलीत दाट आणि जड यांना शब्द एकच.

लुत्फीनं तेच शब्द जसेच्या तसे घरी येऊन इन्शिराहला सांगितले. इन्शिराहनं बहिणीला सांगितले. संध्याकाळी लुत्फी चहाच्या टपरीवर गेला तर सगळी टपरी त्याच्याकडे वळून बघत होती. “यासाठी सुई टोचून घेतलीस?” कोणीतरी म्हणालं. “आम्हाला विचारायचंस. फुकट सांगितलं असतं.” लोक इतके हसले की चहावाल्याच्या हातातला ग्लास सांडला. लुत्फी मात्र उभा राहून समजावत बसला की डॉक्टरांचा अर्थ तसा नव्हता, लाल पेशी म्हणून काही असतात, त्या जास्त झाल्यात. त्यावर लोक आणखी हसले.

पण डॉक्टर एवढंच बोलला नव्हता. तो म्हणाला होता की हे रक्ताच्या खास डॉक्टरांना दाखवायला हवं. त्या बाई अलेक्झांड्रियाहून दर मंगळवारी येतात. रांग मोठी आहे, तुमचा नंबर ईदनंतर लागेल. तोवर पाणी भरपूर प्या, रोज एक ॲस्पिरिनची गोळी घ्या, आणि यंदा रमजानचे रोजे धरू नका.

“नाहीतर काय होईल?” लुत्फीनं विचारलं होतं.

“बहुतेक काही नाही.” डॉक्टर टेबलावरचं पेन इकडचं तिकडं करत म्हणाला. “झालीच तर गुठळी. रक्ताची. म्हणून तर बाईंना दाखवायचंय.”

ही गुठळी लुत्फीनं कुणालाच सांगितली नाही.

त्याला एक धाकटा भाऊ होता. अनीस. याच दुकानात, याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहायचा. तोंड असंच लालबुंद, पण रक्त असं हलकं की लोक धुतलेले कपडे मुद्दाम चुरगाळून इस्त्रीला आणायचे, अनीसच्या दोन गोष्टी ऐकायला मिळाव्यात म्हणून. बारा वर्षांपूर्वी ऐन दुपारी, हातात इस्त्री आणि तोंडात अर्धा विनोद असताना अनीस खाली कोसळला. दुकानात पाच-सहा माणसं होती. ती हसली. त्यांना वाटलं हा विनोदाचाच भाग आहे, आता हा एक डोळा उघडेल आणि शेवटचं वाक्य टाकेल. एकटा लुत्फी हसला नाही, कारण तो कधीच हसत नसे, आणि म्हणून तोच आधी धावला. त्यानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हाही मागं कोणीतरी खिदळतच होतं.

तेव्हा कुणी गुठळी म्हटलं नव्हतं. देवानं बोलावलं म्हटलं होतं, नजर लागली म्हटलं होतं, हलक्या रक्ताची माणसं लवकर जातात म्हटलं होतं. आता लुत्फी रोज सकाळी दाढी करताना आरशात बघायचा आणि त्याला अनीसचंच तोंड दिसायचं. तो घाबरला होता. चांगलाच घाबरला होता. आणि जगानं त्याला ‘माशाल्ला, काय तब्येत आहे’ म्हणून पिडलं होतं.

“तुंबड्या लावू का?” जकी दारातून म्हणाला. “माझा बाप लावायचा. जास्तीचं रक्त दोन मिनिटांत बाहेर.”

“डॉक्टरांना दाखवेपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही.”

“बरं बाबा. पण डॉक्टरांनी तुला रोजे सोडायला सांगितलंय म्हणे?”

इस्त्री थांबली.

“कोण म्हणालं?”

“तुझी बायको बहिणीला म्हणाली, बहीण माझ्या बायकोला. मी काही बोललो नाही हं. मी फक्त म्हटलं, या तब्येतीचा माणूस जर दिवसा पाणी प्यायला लागला तर आम्ही वाळक्या लोकांनी काय करावं?”

“मी रोजा धरलाय,” लुत्फी म्हणाला. “आज आठवा. एकही सोडलेला नाही. जाऊन सांग सगळ्यांना.”

आणि ते खरं होतं. त्यानं एकही रोजा सोडला नव्हता. डॉक्टर तिकडं दवाखान्यात बसतो, त्याला गल्लीत राहायचं नसतं. रमजानात ऐन दुपारी, रस्त्यावर उघड्या दुकानात, असल्या डाळिंबासारख्या तोंडाच्या माणसानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा, याची लुत्फीला कल्पनाच करवत नव्हती. पडद्यामागं जाऊन प्यावं तर चोरासारखं वाटायचं. त्यापेक्षा तहान बरी. वर ईदचे कपडे आलेले, इस्त्रीची धग, मे महिन्यासारखं ऊन, आणि जीभ टाळूला चिकटलेली.

घरी वेगळीच तऱ्हा होती. सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली की इन्शिराह त्याच्यापुढं थाळी सरकवायची, आणि थाळीत कलेजी. काल तळलेली, आज रश्शातली, उद्या लसूण घालून. त्यावर वाटीभर काकवी, तिळाच्या वाटणात कालवलेली. नंतर बीट.

“हे काय आहे रोज?” लुत्फी वैतागून म्हणाला.

“रक्ताचा आजार आहे ना तुला? मग रक्ताची गरिबी. आईला होती, मावशीला होती, दालियाला बाळंतपणात झाली होती. कलेजीशिवाय त्याला दुसरं औषध नाही.” दालिया म्हणजे त्यांची मुलगी, कैरोला दिलेली, फोनवर तीही आईचीच री ओढायची.

“अगं बाई, गरिबी नाही, श्रीमंती. कमी नाही झालेलं, जास्त झालंय.”

इन्शिराह हातातला पाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. “जन्मात पहिल्यांदा या घरात कशाची तरी श्रीमंती आली, आणि तू तोंड पाडून बसलास?”

“डॉक्टरांनी सांगितलं—”

“डॉक्टरांनी कलेजी खाऊ नका असं सांगितलं?”

“नाही.”

“मग खा. आणि थकतोस कशानं? पायऱ्या चढताना धापा कुणाला लागतात? श्रीमंत माणसं अशी धापा टाकतात होय?”

लुत्फीला स्वतःलाच ते कळत नव्हतं. रक्त जर जास्त आहे तर अंगात जोर का नाही? पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे का जळतात? गरम पाण्यानं अंघोळ केली की अंगावर मुंग्या सोडल्यासारखी खाज का सुटते? साबण बदलून झाला, टॉवेल बदलून झाला. हे कुणाला विचारायचं तर ईदनंतर. त्यानं मुकाट्यानं कलेजी खाल्ली. चवीला चांगली होती, हा आणखी एक वैताग.

रमजान अर्धा उलटला. एका मंगळवारी लुत्फी एकटाच दवाखान्यात जाऊन आला, म्हटलं बघू, कोणी आलं नसेल तर आपल्याला आत घेतील. दारावरच्या शिपायानं त्याला वरून खाली न्याहाळलं. “पेशंट कुठं आहे?” त्यानं विचारलं. लुत्फी म्हणाला, मीच. शिपाई म्हणाला, “चाचा, थट्टा करायला दुसरी जागा बघा.” उभ्या आयुष्यात कुणी लुत्फीवर थट्टा केल्याचा आळ घेतला नव्हता. तो इतका चकित झाला की तसाच परत आला.

आणि मग शेवटच्या आठवड्यातली ती दुपार.

टेबलावर जकीचा गलबिया होता. ईदच्या नमाजाला घालायचा, पातळ पांढऱ्या कापडाचा, नवाकोरा. लुत्फीनं तोंडात पाणी घेऊन त्यावर फवारा मारला. रोजा असला तरी पाणी तोंडात घेऊन बाहेर टाकायची मुभा आहे, गिळायचं नाही एवढंच. आणि ते गिळण्याचा मोह किती होतो ते त्यालाच ठाऊक. त्यानं इस्त्री पाठीवर ठेवली, ढकलली, आणि ती थांबली. ती का थांबली हे त्याला कळेना. तो बघत होता: इस्त्री तिथं आहे, तिच्यावर आपला हात आहे, पण हात जणू दुसऱ्याच कुणाचा. त्यानं उचल म्हटलं, हातानं ऐकलं नाही. जळकट वास आला. धूर आला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरून इस्त्री बाजूला ओढली. गलबियाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता, मधोमध, शिक्का मारल्यासारखा.

पस्तीस वर्षांत लुत्फीनं कापड जाळलं नव्हतं. तो खाली स्टुलावर बसला. थोड्या वेळानं बोटांत झिणझिण्या आल्या, मग बोटं हलली. तोवर जकी आला होता.

जकीनं गलबिया उचलला, उजेडात धरला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्या त्रिकोणावरून पलीकडं बसलेला लुत्फी त्याला दिसला, स्वतःची बोटं एकेक करून दुमडून बघणारा. जकी बोलला नाही असं गल्लीत फार थोड्या वेळा घडलंय. तो गलबिया खांद्यावर टाकून तो सरळ रस्त्यापलीकडच्या लुत्फीच्या घरी वर गेला, इन्शिराहला बोलवायला.

इन्शिराह खाली आली ती पाण्याचा मोठा तांब्या घेऊन. झाकलेला नाही, पिशवीत घातलेला नाही, उघडा, काठोकाठ भरलेला; उन्हात लकाकत होता. रस्त्याच्या मधून आली. समोर चहाची बंद टपरी, तिच्या सावलीत रोजे धरलेली दहा-बारा माणसं डुलक्या घेत बसलेली. ती सगळी बघत होती.

“पी,” ती म्हणाली.

“आत चल. पडद्यामागं.”

“पडद्यामागं चोर पितात. इथं पी.”

“लोक बघतायत, इन्शिराह.”

“बघू देत. डॉक्टरनं काय सांगितलं होतं तुला? रोजे धरू नको म्हणून सांगितलं होतं ना? देवाला कळतं तेवढं या लोकांना कळत नाही म्हणून तू मरणार आहेस का?” तिचा आवाज फाटला. “अनीसला असंच इथूनच उचललं ना आपण? इथूनच? या टेबलाखालून?”

बारा वर्षांत तिनं त्याचं नाव त्या दुकानात उच्चारलं नव्हतं. लुत्फीनं तांब्या घेतला. उजवा हात अजून भरवशाचा नव्हता, म्हणून तिनं खालून आधार दिला. तो प्यायला, आधी एक घोट, मग अधाशासारखा, हनुवटीवरून ओघळ गळेपर्यंत. तिच्यामागून आलेल्या जकीनं पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड केलं, म्हणजे कुणी काही बोललंच तर आधी त्याच्याशी गाठ पडावी.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

“तुमचा नंबर ईदनंतर,” शिपाई म्हणाला.

“ईदनंतर याला आणू का याची बातमी आणू?” इन्शिराह म्हणाली.

“खाला, मला ओरडू नका. मला नियम आहेत. आणि यांना झालंय काय? माझ्यापेक्षा तब्येत बरी दिसतेय.”

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. त्या माणसाचा त्यात काही दोष नव्हता, गावानं तेच वाक्य महिनाभर म्हटलं होतं. पण इन्शिराहनं सगळ्या गावाचा हिशेब त्या एकट्याशी चुकता केला. माझ्या नवऱ्याचं तोंड लाल आहे म्हणून तो बरा, आणि तुझं तोंड पिवळं आहे म्हणून तुला आत घ्यायचं का, असं तिनं विचारलं. मग ती डॉक्टरांच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली, मांडी घालून, काळा पायघोळ अबाया चोहीकडं पसरून. आत जाणाऱ्यानं तिच्यावरूनच जायला हवं होतं. लुत्फीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि कुणी ओळखीचं तर नाही ना ते बघत राहिला.

गलका ऐकून दार आतून उघडलं. डॉक्टर मैसा पन्नाशीच्या, ठेंगण्या, झोप न झालेल्या. त्यांनी उंबऱ्यावरच्या बाईकडं बघितलं, मग शिपायाकडं, मग भिंतीशी उभ्या लुत्फीकडं. लुत्फी वाट बघत होता, आता माशाल्ला येईल.

“हा लालपणा कधीपासून आहे?” बाईंनी विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभरात कुणी असं विचारलं नव्हतं.

आत घेऊन त्यांनी त्याला तपासलं. पोटात डावीकडं बरगडीखाली बोटं रुतवली, श्वास घ्यायला लावला, तळहात उलटेपालटे करून पाहिले. डोकं कधी दुखतं? पाय जळतात का? काल हात किती वेळ लुळा होता? मग त्या म्हणाल्या, “अंघोळीनंतर खाज सुटते?”

लुत्फी आणि इन्शिराह एकमेकांकडं बघत राहिले.

“साबणामुळं,” लुत्फी म्हणाला.

“साबणामुळं नाही.” बाई लिहीत होत्या. “घरात आणखी कुणाला असं आहे? असाच चेहरा, अशीच डोकेदुखी, अशीच खाज?”

“भाऊ होता,” लुत्फी म्हणाला. “धाकटा. अंघोळ करून आला की दाराच्या चौकटीला पाठ घासायचा. म्हणायचा, माझ्या पाठीला नाचायचंय. आम्ही हसायचो. म्हणजे, बाकीचे हसायचे.”

“आता कुठं आहेत ते?”

“गेला. इस्त्री करता करता पडला. एका क्षणात.”

बाईंचं पेन थांबलं. त्या काही बोलायच्या आत लुत्फी घाईघाईनं म्हणाला, “पण बाई, त्याचं रक्त हलकं होतं. कुणालाही विचारा. दमनहूरमध्ये त्याच्यासारखं हलकं रक्त कुणाचं नव्हतं.”

बाई इथल्याच. त्यांना दोन्ही अर्थ कळले. त्या हसल्या नाहीत.

“असेल, हाजी,” त्या म्हणाल्या. “तरी दाट असू शकतं. आता तपासता येणार नाही, म्हणून मी होतं असं म्हणणार नाही. तुमच्या आजाराचंही नाव आज सांगणार नाही. एक नमुना कैरोला जाईल, त्याचा निकाल आला की बोलू. पण एक पिशवी रक्त आजच काढायचं, आत्ता. त्या भावाला मुलं?”

“एक मुलगा. बासिम.”

“त्याचा चेहरा कसा आहे?”

लुत्फीनं स्वतःच्या लाल गालाला हात लावला. बाईंनी घड्याळ बघितलं. “मी तीनपर्यंत आहे. पुढचा मंगळवार ईदच्या सुट्टीत जाणार. त्याला आजच आणा.”

“बाई,” इन्शिराह म्हणाली. तिचा सकाळचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. “कलेजी चालेल का?”

“सध्या नको. काकवी, बीट, लोहाच्या गोळ्या, काही नको.”

“आधी खाल्लेली?”

“कलेजीनं हा आजार होत नाही,” बाई म्हणाल्या. “पण आगीत तेल कशाला ओतायचं?”

रक्त काढलं. ते काळसर होतं आणि नळीतून नाखुशीनं उतरत होतं. परिचारिकेनं कापूस लावून पट्टी गुंडाळली, त्याला पाणी पाजलं, अर्धा तास आडवं ठेवलं. मग दोघं टुकटुक रिक्षात बसले, स्टेशनकडं, बासिमच्या उसाच्या रसाच्या दुकानाकडं. फोन करून भागण्यासारखं नव्हतं. फोनवर बासिमनं एक विनोद करून तो ठेवून दिला असता. ठरलं असं की लुत्फीनं तिथं उतरायचं आणि इन्शिराहनं त्याच टुकटुकनं परत फिरून उंबरा धरून बसायचं, तीन वाजले तरी बाईंना हलू द्यायचं नाही.

अर्धा रस्ता मागं पडला. मग उघड्या बाजूकडं तोंड करून इन्शिराह म्हणाली, “अनीसला पण मी पाठवायचे.”

“काय?”

“कलेजी. थकवा वाटतो म्हणायचा ना. वहिनी, पाय जळतात म्हणायचा. दर शुक्रवारी डबा पाठवायचे दुकानात. वर्षभर पाठवला असेल. मी स्वतः.”

टुकटुकवाल्यानं एक खड्डा चुकवला, दुसऱ्यात घातला.

“मांजराला घालायचा,” लुत्फी म्हणाला.

“कोण?”

“अनीस. तुझा डबा. दुकानामागं पिवळं मांजर नव्हतं का एक? ते कशानं एवढं माजलं होतं? वहिनीला सांगू नको म्हणायचा, तिला वाईट वाटेल. त्याला कलेजीचा वास सहन व्हायचा नाही.”

तिनं मान वळवली. ती त्याच्या तोंडाकडं नीट बघत राहिली, ओठांकडं, डोळ्यांकडं, तिथं काही हलतंय का ते शोधत.

“खरं सांगतोस?”

“मी कधी थट्टा केलीय का?”

खरंच की, त्यानं कधी केली नव्हती. सगळ्या गल्लीनं तशी साक्ष दिली असती. इन्शिराहनं मोठा श्वास सोडला आणि अबायाच्या बाहीनं डोळे पुसले. “मेला,” ती म्हणाली, “एवढा लसूण घालून करायचे मी. मांजराला.” आणि ती हसली, रडत रडत, आणि लुत्फी समोर रस्त्याकडं बघत बसला. अनीस तो डबा पावानं पुसून खायचा. बोटं चाटायचा. शुक्रवारी सकाळपासून विचारायचा, वहिनीचा डबा आला का. हे आता लुत्फीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि यापुढंही कुणाला कळणार नव्हतं.

बासिमच्या दुकानापुढं रांग लागली होती. रोजा सोडताना प्यायला लोक पिशव्या भरून रस नेत होते. बासिम यंत्रावर उभा, बाह्या वर सरकवलेल्या, ऊस कोंबत होता आणि रांगेला हसवत होता. एका बाईला म्हणाला, तुमच्या रसात साखर कमी पडली तर माझं नाव बदला. ती ओढणीआड हसत होती. त्याचं तोंड घामानं चमकत होतं, लालबुंद, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

“काका?” त्यानं लुत्फीला पाहिलं. “तुम्ही? कोण गेलं?”

रांगेत हशा पिकला. काका मयतीशिवाय कुणाकडं जात नाहीत, हे ठाऊक असलेले दोघे-तिघे होते.

“कुणी नाही. चल माझ्याबरोबर. दवाखान्यात.”

“तुमच्यासाठी?”

“तुझ्यासाठी. रक्त तपासायचंय. बाई तीनपर्यंतच आहेत.”

“माझं रक्त?” बासिमनं रांगेकडं बघून डोळे मिचकावले. “काका, तुमचं जड निघालं म्हणून माझंही जड म्हणता? मी बाबांवर गेलोय. माझी बदनामी करू नका, गिऱ्हाईक तुटेल.”

लोक हसले. लुत्फी हसला नाही. तो काउंटरच्या बाजूनं आत गेला आणि यंत्रापाशी, पुतण्याच्या अगदी जवळ उभा राहिला.

“तुला डोकं दुखतं?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

“रमजानात कुणाचं दुखत नाही?”

“रमजानच्या आधी?”

बासिमनं एक ऊस उचलला आणि तो यंत्रात न घालता हातातच धरला. त्याच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, ते दिसत होतं. लुत्फी वाट बघत राहिला. त्याच्या अंगात तेवढा एकच गुण होता, तो वाट बघू शकायचा, समोरच्याचा विनोद संपेपर्यंत आणि संपल्यानंतरही.

बासिमनं हात लांब करून यंत्राचं बटण बंद केलं.

“रोज सकाळी,” तो म्हणाला. “काका, बाबांचं पण दुखायचं का?”

“हात धू,” लुत्फी म्हणाला.

मग तो बासिमला घेऊन दुकानाबाहेर आला आणि रांगेतल्या लोकांना म्हणाला की दुकान बंद आहे. पुढच्या दोघांना ती गंमत वाटली, ते हसायला लागले. लुत्फीनं पट्टी बांधलेला हात वर केला, शटरची कडी धरली आणि ते खाली ओढलं.